अँटिग्वा (ग्वाटेमाला): जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

लेकीला अकरावीच्या सुट्टीत ‘काहीतरी सेवेचं’ करायचंय. ठिकाण ठरलंय, ग्वाटेमालातलं अँटिग्वा. (सासऱ्यांना वाटलं, व्हिव्ह रिचर्ड्सच्या गावाला निघालोय. नाही हो, ते बेट वेगळं.) स्पॅनिशांनी 1543 मध्ये पंचोय खोऱ्यात राजधानी वसवली, 1773 च्या भूकंपात ती कोसळली, मग राजधानीच हलवली, 1979 पासून युनेस्कोच्या यादीत, एवढं वाचून झालंय. पिवळ्या कमानीचे फोटोही बघून झालेत. विचारायचंय ते असं: तिथं दिवस कसा जातो, आणि बाहेरून आलेल्या हौशी माणसाचा कुणाला खरंच उपयोग होतो का? कडू असेल तेही लिहा.

पुणे, निवृत्त शिक्षिका

आधी भाषा, मग सेवा. मी चार आठवडे स्पॅनिश शिकले. एक विद्यार्थी, एक शिक्षिका, अंगणात समोरासमोर खुर्च्या, रोज चार तास. वर्गात मागच्या बाकावर लपायची सोयच नाही! आयुष्यभर मुलांना उभं केलं, त्याची परतफेड झाली.

राहायला एका घरी होते. यजमानीणबाईंच्या नावाआधी ‘दोन्या’ लावायचं, आपण नावापुढे ताई लावतो तसं. पहिल्याच संध्याकाळी त्या मका चुना घालून शिजवत होत्या. हो, चुनाच. रात्रभर भिजला की सकाळी धुऊन गिरणीतून ओलाच दळून आणायचा. मग पोळपाट नाही, परात नाही, दोन तळव्यांतच थापायचं, टाळ्या वाजवल्यासारखं. माझी चाळीस वर्षांची भाकरीची सवय काही कामाला आली नाही. कडा फाटायच्या आणि दोन्यांची नात खुदखुदायची.

शाकाहारी मंडळींनो, ‘कार्ने नको’ म्हटलं की कोंबडी ताटात येते, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी मुख्यतः बीफ. कोंबडी, मासे, हॅम, एकेकाचं नाव घेऊन नाही म्हणा. काळा घेवडा मात्र तिन्ही त्रिकाळ. आणि कुणी ‘फिहेसे के…’ अशी सुरुवात केली की समजा, काम झालेलं नाही. आपलं ‘त्याचं काय झालं ना…’ आहे, अगदी तेच.

डलास, इंजिनिअर

मी दोन आठवडे आसपासच्या गावांत निर्धूर चुली बांधायला होतो. बऱ्याच घरांत अजून तीन दगडांची चूल, छत काजळीने काळंकुट्ट. आमची चूल म्हणजे सिमेंट ब्लॉकचा चौथरा, आत विटांची भट्टी, वर जाड लोखंडी पत्रा, पत्र्याचं धुराडं. पत्रा तापला की त्यावर एकदम आठ-दहा तोर्तिया (मक्याच्या भाकऱ्या) भाजता येतात.

खरं सांगू? आम्ही नसतो तर गवंड्याने ती दोन तास आधी उभी केली असती. आम्ही माल कालवला, ब्लॉक वाहिले, एकदा ओळंबा चुकवला आणि एक थर उतरवून पुन्हा रचायला लावला. आमच्या फीमधून सामान आलं, तोच खरा हातभार. सिमेंट वाळेपर्यंत पेटवायची नव्हती. तरी त्या घरच्या आजीबाईंनी कॉफीची किटली थंड पत्र्यावर नेऊन ठेवली, दोन पावलं मागे सरकून बघितली, आणि मग डावीकडे सरकवली.

नागपूर, फिजिओथेरपिस्ट

माझा अनुभव दोन टोकांचा. पहिल्या वेळी एका संस्थेत (नाव लिहीत नाही) लहान मुलांशी खेळायला ठेवलं. दर सोमवारी नवी तुकडी, दर शुक्रवारी निरोपाचा केक. पदवी असून मी फुगे फुगवत होते. एक चिमुरडी आम्हा सगळ्यांना नुसतं ‘सेन्यो’ म्हणायची, म्हणजे ‘बाई’. आमची नावं शिकायच्या भानगडीत ती पडली नव्हती, आणि तिचं बरोबरच होतं. तेव्हापासून माझं मत ठाम आहे: आठवड्याभरासाठी मुलांच्या संस्थेत जाऊ नये. लेकीलाही तेच सांगा.

दोन वर्षांनी स्पॅनिश शिकून परत गेले. सहा आठवडे तिथल्याच थेरपिस्ट बाईंच्या हाताखाली. त्या सांगतील तेवढंच करायचं. तेव्हा कुठे उपयोगी पडले.

ठाणे, ट्रेकर

सेवा वगैरे नाही, मी डोंगरासाठी गेलो. शहरच 1,530 मीटरवर, म्हणजे जवळजवळ आपलं कळसूबाई. आकातेनांगो ज्वालामुखी 3,976 मीटर. रात्री तंबूत दात वाजत होते आणि समोर फुएगो हा शेजारचा जागता ज्वालामुखी लाल निखारे उडवत होता. आम्ही आरडाओरडा करत व्हिडिओ काढत होतो, वाटाड्या गप्प होता. याच फुएगोने 3 जून 2018 रोजी सान मिगेल लोस लोतेस हे गाव गाडलं. ओझ्याला गावातला माणूस घ्या, घासाघीस करू नका.

सिंगापूर

जमलं तर सेमाना सान्ताला जा, ईस्टरच्या आदल्या आठवड्यात. रस्त्यावर रंगीत लाकडी भुशाचे गालिचे घालतात. ओबडधोबड दगडांवर आधी साध्या भुशाचा थर, मग साचे. आडव्या फळीवर ओणवं राहून काम. मी रांगोळीवाली, सवयीने चिमटीतून सोडायला लागले, तर शेजारच्या मुलाने मुकाट्याने माझ्या हातात चाळणी दिली. पाठ मोडली. मग जांभळ्या झग्यातले लोक खांद्यावर मूर्ती घेऊन त्यावरूनच चालत गेले. पाठोपाठ झाडूवाले आले आणि ट्रकमध्ये सगळं भरून नेलं.

धागाकर्ती

लेकीने सगळं वाचलं. फुगेवाल्या भागानंतर फॉर्म भरायचा थांबलाय, सध्या स्पॅनिशची शाळा शोधतेय. ताई, तुमच्या दोन्यांकडे जूनमध्ये खोली मिळेल का?

पुणे, निवृत्त शिक्षिका

विचारलं. उत्तर आलं, ‘फिहेसे के…’ मुलगा घरी परत आलाय. पण समोरच्या गल्लीत त्यांची बहीण राहते, तिला विचारून सांगते म्हणाल्या. छत्री न्या, तिकडे जूनमध्ये पाऊस असतो.