आठ वर्षांच्या गाडीला नुसती थर्ड पार्टी पुरे आहे का?

वहीखातं

रिन्यूअलचा मेसेज आला की लोक न वाचता ‘फुल’ इन्शुरन्स घेऊन मोकळे होतात. आठ वर्षं झालेल्या गाडीला ओन डॅमेज, म्हणजे ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) घेणं तोट्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा गाडी ११९७ सीसीची आहे आणि आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, २,४०,००० रुपये. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणाऱ्या विम्याचा दर सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांत सारखाच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. ओडीचा मूळ हप्ता ६,३००, त्यावर ५० टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दलची सूट) वजा जाऊन ३,१५०, जीएसटी धरून ३,७१७. हे ३,७१७ रुपये कशासाठी?

पुढची धडक बसली आणि २९,००० चं बिल झालं असं धरा. बंपर ६,००० आणि हेडलॅम्प ७,०००. दोन्ही प्लास्टिकमध्ये जातात, म्हणून निम्मे कापले. फेंडर पत्र्याचा, ४,०००. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला पत्र्यावर ४० टक्के घसारा, म्हणजे २,४०० मिळाले. पेंटिंग ८,०००. त्यातलं २५ टक्के मटेरियल धरून त्याचं निम्मं कापलं, ७,००० मिळाले. लेबर ४,००० पूर्ण. बेरीज १९,९००, त्यातून १५०० सीसीपर्यंतची सक्तीची १,००० ची कपात. हातात १८,९००.

आता एनसीबी शून्यावर आला. पुढच्या क्लेमविना वर्षांत तो २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० ला पोचतो. ओडीचा मूळ हप्ता तोच धरला तर तोवर गमावलेली सूट जीएसटीसह सुमारे ९,३०० होते. म्हणजे क्लेमचा खरा फायदा ९,६००. त्यातही १५,००० च्या आतलं बिल असेल तर क्लेम करणंच चूक. हेच ३,७१७ दरवर्षी वेगळ्या खात्यात टाका.

सर्व्हेशीट

हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. तुम्ही बंपरचा हिशोब मांडलात, पण ओडी बंपरसाठी घ्यायचीच नसते. ती गाडी चोरीला जाणं, जळणं, पुरात बुडणं किंवा पूर्ण चेपणं यासाठी असते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात आणि तिथे प्लास्टिक-पत्र्याचा घसारा लागत नाही. सक्तीची कपात वजा जाऊन आयडीव्हीची रक्कम मिळते. २,४०,००० जमायला तुमच्या वेगळ्या खात्याला ६४ वर्षांहून जास्त लागतील. चोराला तेवढा धीर नसतो.

एक मात्र आवर्जून सांगतो. हप्ता कमी करायला आयडीव्ही खाली ओढू नका. चोरीच्या क्लेमला एफआयआर, पोलिसांचा तपास न लागल्याचा अहवाल आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली हरवली असेल तर आजच त्याची नोंद करून ठेवा.

गाडीत बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवरही चढवा. ओडीत किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीत ६० रुपये वाढतात. नोंद नसेल तर गाडी जळाल्यावर पहिला प्रश्न त्याचाच येतो.

कलम१४६

दोघांच्याही लिहिण्यात गाडीचा पत्राच आहे, माणूस कुठे आहे? मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नं थर्ड पार्टी सक्तीची आहे ती माणसासाठी. पॉलिसी नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या वेळी दंड ४,०००. पण खरा फटका दंडाचा नाही. व्यवसाय करणारा, महिना ४०,००० कमावणारा ३४ वर्षांचा माणूस तुमच्या चुकीनं गेला, मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे ४,८०,०००, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ६,७२,०००, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून ५,०४,०००, आणि या वयाला ठरलेला गुणक १६. भरपाई झाली ८०,६४,०००. पॉलिसी एक दिवस जरी लॅप्स असली तरी ही रक्कम मालकाच्या नावावर येते.

आता वहीखातं यांच्या मुद्द्याकडे येतो. नुसत्या थर्ड पार्टीत तुमच्या गाडीत बसलेली माणसं येत नाहीत. खासगी गाडीतले प्रवासी पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि ओडी एकत्र) धरले जातात, ॲक्ट पॉलिसीत (नुसती थर्ड पार्टी) नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं. गाडी दुभाजकावर गेली आणि मागच्या सीटवरची मावशी जखमी झाली, तर ३,७१७ वाचवणाऱ्याला भरपाई खिशातून द्यावी लागेल. ओडी सोडताना हे कुणी सांगतच नाही, याचा मला खरंच राग येतो.

वहीखातं

प्रवाशांचा मुद्दा मोठा आहे, मान्य. पण चूक समोरच्या गाडीची असेल तर तिची थर्ड पार्टी माझ्या प्रवाशांना भरपाई देते. उरतो स्वतःच्या चुकीचा अपघात. त्यासाठी प्रवाशांचा अपघात विमा आहेच. प्रत्येक सीटला दोन लाख, हप्ता सीटमागे साधारण १०० रुपये.

कलम१४६

वर ८० लाखांचा आकडा मांडलाय, त्याच्यापुढे दोन लाख कुठे पुरणार? शिवाय ‘चूक कुणाची’ हे ठरायला न्यायाधिकरणात वर्षं जातात.

मालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमाही नीट समजून घ्या. आरसीवर ज्याचं नाव आहे तो स्वतः चालवत असेल आणि लायसन्स चालू असेल तरच तो लागू होतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर मुलाला त्यातून काही नाही. मालकाकडे १५ लाखांचा अपघात विमा आधीच असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

पिस्टन

पुराचं कुणीतरी नीट लिहायला हवं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये उभ्या गाड्या बुडाल्या. उभ्या गाडीत पाणी शिरलं तर कार्पेट, वायरिंग, सीट हे ओडीत येतं. गोंधळ होतो तो नंतर. पाणी ओसरलं की माणूस सवयीनं किल्ली फिरवतो. एअर फिल्टरमधून सिलिंडरात गेलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेअर इंजिन उघडून वाकलेला रॉड बघतो आणि लिहितो की चालकाच्या कृतीमुळे झालेलं नुकसान. इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर नसेल तर इंजिनाचा खर्च तुमचा. म्हणून बॅटरीचा निगेटिव्ह काढा, नंबरप्लेट आणि पाण्याची खूण एकाच फोटोत घ्या, कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच हलवा.

झिरो डेपचा, म्हणजे घसारा न कापणाऱ्या जादा कव्हरचा हट्ट मात्र सोडा. पाच-सात वर्षांपुढे बहुतेक कंपन्या देत नाहीत, आणि दिला तरी सक्तीची कपात राहतेच.

सर्व्हेशीट

वहीखातं, ओडी सोडायचीच असेल तर निदान सलग ९० दिवस खंड पडला की ५० टक्के एनसीबी जातो, हे धरून सोडा. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकून कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेतलं तर नव्या गाडीला तीन वर्षांच्या आत लावता येतो.

वहीखातं

हे माझ्या हिशोबात नव्हतं. नवी गाडी दोन वर्षांत घ्यायची असेल तर ओडी चालू ठेवण्यात अर्थ आहे, हे पटलं. बारा-पंधरा वर्षांच्या, ६०,००० आयडीव्हीच्या आणि एकट्यानं चालवायच्या गाडीला मात्र मी अजूनही थर्ड पार्टीच म्हणेन.

कलम१४६

अशा गाडीला माझीही हरकत नाही. फक्त पॉलिसीत ‘टीपीपीडी’ची ओळ बघा. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा ७,५०,००० रुपये असते. १०० रुपयांच्या सवलतीसाठी ती ६,००० वर आणलेली नाही ना, ते तपासा. ६,००० मध्ये समोरच्या गाडीचा एक हेडलॅम्पही येत नाही.