गुलमर्ग: फेज २ गोंडोला की मेरी शोल्डरची चेअरलिफ्ट?

कडेकपारी: फेब्रुवारीत सहा दिवस गुलमर्ग. चौघेही ताज्या, न दाबलेल्या बर्फात सराईत. स्की मध्यभागी १०८ मिमी रुंद. अवघड उतारांसाठी रोज फेज २ च्या (गोंडोला म्हणजे केबल कार, तिचा वरचा टप्पा) रांगेत उभं राहावं, की कोंगडोरीहून, म्हणजे मधल्या स्टेशनवरून, मेरी शोल्डरची चेअरलिफ्ट धरावी? दोन्ही बंद असतील तर?

हिमरेषा: उंची हवी तर फेज २ ला पर्याय नाही. कोंगडोरी ३,०५० मीटरच्या आसपास, अफरवत डोंगराच्या धारेखालचं वरचं स्टेशन जवळपास ३,९५०. म्हणजे एका खेपेत नऊशे मीटर उतार, आणि पुन्हा वर जायला गुलमर्गपर्यंत उतरायची गरज नाही, कोंगडोरीलाच रांग.

मात्र मोठा बर्फ पडला किंवा वारा सुटला की हीच लिफ्ट आधी अडते. स्की पेट्रोलचं (उतारांची सुरक्षा पाहणाऱ्या पथकाचं) हिमस्खलन नियंत्रणाचं काम आटोपेपर्यंत फेज २ उघडत नाही. अशा सकाळी त्या रांगेत दोन तास घालवण्यापेक्षा चेअरलिफ्टची खुर्ची चालू असेल तर तिच्यावर फेऱ्या मारा. ती धारेपर्यंत नेत नाही, उतार आखूड, पण अंग मोकळं होतं आणि त्या दिवशीचा बर्फ कसा बसलाय ते कळतं. पेट्रोलचं रोजचं हिमस्खलन पत्रक सकाळी वाचाच.

उतारशोधक: एक गोष्ट जोडतो. पेट्रोलचं काम गोंडोलाखालच्या मुख्य बाउलपुरतं (वाटीसारख्या खोलगट उतारापुरतं). वरच्या स्टेशनवरून आडवं जाऊन हापतखुडच्या उतारांकडे वळलात की हद्दीबाहेर, तिथे कुणी काही तपासलेलं नसतं. वारा धारेवरून बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला रचतो. वरून तो गुळगुळीत दिसतो, खाली कच्चा थर असतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून हिमस्खलन सगळ्यात जास्त सुटतं.

बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र) खालीच चालू करा, वर पोचल्यावर एकेकाचा तपासा. मोबाईल बीकनपासून किमान २० सेंमी दूर, शोध घेताना ५० सेंमी. फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाच्या पाठीवर, एकाच्याच सॅकमध्ये नकोत.

खुर्चीवर बसण्याआधी सॅकचे छातीचे-कमरेचे पट्टे सोडून ती पुढे घ्या. उतरताना लोंबता पट्टा खुर्चीत अडकला तर माणूस फरफटत जातो. पोलचे फासही मनगटातून काढा. गोंडोलाच्या बाहेरच्या खोबणीत रुंद स्की बसल्या नाहीत तर दामटू नका, आत घेऊन बसा.

देवदार: दोन्ही बंद, फेज १ चालू: झाडीत जा. पाठीमागे झाडं असली की ढगातही उताराचा अंदाज येतो, उघड्या बाउलमध्ये सगळंच पांढरं. कोंगडोरीहून बाबारेशीच्या बाजूने उतरता येतं, पण स्थानिक वाटाड्या घ्या. खाली बर्फ पातळ असला की दगड आणि झुडपं वर येतात, स्कीचा तळ सोलून निघतो. टंगमर्गला उतरलात तर परतीचा रस्ता १३ किमी, गाडी आधीच सांगून ठेवा.

कडेकपारी: आभार. मुंबईहून सरळ येतोय. पहिल्याच दिवशी फेज २ चालेल?

हिमरेषा: टाळा. समुद्रसपाटीवरून थेट ३,९५० मीटर म्हणजे ऑक्सिजन सुमारे ६० टक्के. डोकेदुखी आणि जड पाय घेऊन तीव्र उतारावर उभं राहणं धोक्याचं. दोन रात्री गुलमर्गला झोपा, ते २,६५० मीटरवर आहे. तेवढ्यात खुर्ची आणि झाडी उरकून घ्या.