व्यवसायातील परिचितांना दिवाळीत गोल्फची कोणती वस्तू भेट द्यावी?

भोसरीचा उद्योजक

नमस्कार. आमचे भोसरीला यंत्रभाग बनविणारे लहान वर्कशॉप आहे. दरवर्षी आम्ही ओळखीच्या सर्वांना सुक्या मेव्याचे डबे पाठवतो, परंतु यंदा तिघांना त्यांच्या आवडीचे काहीतरी द्यावे असे मनात आहे. एक आहेत चाकणच्या कारखान्यातील खरेदी विभागाचे प्रमुख, दुसरे तेथीलच जपानी अधिकारी आणि तिसरे आमचे कर सल्लागार, ज्यांनी यंदाच खेळायला सुरुवात केली आहे. तिघेही रविवारी सकाळी येरवड्याच्या गोल्फ मैदानावर असतात. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. माणशी तीन-चार हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. चांगला पटर, म्हणजे चेंडू हळूच खळग्यात ढकलण्याची काठी, दिला तर शोभेल का?

रविवारचा खेळाडू

पटर कृपया देऊ नका. त्याची लांबी, वजन आणि मूठ ज्याच्या-त्याच्या उभे राहण्याच्या ढबीप्रमाणे ठरते. शिवाय नियमानुसार एका फेरीत जास्तीत जास्त 14 क्लब (चेंडू मारण्याच्या काठ्या) जवळ ठेवता येतात, त्यामुळे मुरलेल्या खेळाडूच्या बॅगेतील प्रत्येक क्लब विचारपूर्वक निवडलेला असतो आणि भेट मिळालेला पटर बहुधा घरीच पडून राहतो.

खेळताना संपणारी वस्तू द्यावी आणि त्यात चेंडूंना पहिली पसंती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चेंडूचे वजन 45.93 ग्रॅमपेक्षा अधिक आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असू नये, हे बंधन सर्वच कंपन्यांना सारखे आहे. खरा फरक आवरणात असतो. युरेथेन या प्लास्टिकचे मऊ आवरण असलेला महाग चेंडू ग्रीनजवळच्या (खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीजवळच्या) छोट्या फटक्यात अधिक फिरकी घेतो आणि लवकर थांबतो, तर आयोनोमर या दुसऱ्या प्लास्टिकचे आवरण टणक, टिकाऊ आणि स्वस्त असते. अनुभवी माणूस एकच मॉडेल धरून खेळतो व ते सहसा बदलत नाही. ते कोणते, हे त्यांच्या नेहमीच्या कॅडीला (मैदानावर बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला) विचारा. कोणता चेंडू आणि त्यावर पेनाने कोणती खूण केलेली असते, हे त्याला ठाऊक असते. डझनाचा डबा ठरलेल्या रकमेबाहेर जात असेल, तर तीन-तीन चेंडूंच्या दोन डब्या द्याव्यात. कर सल्लागारांचे बरेच चेंडू अजून झाडीत जाणार, म्हणून त्यांना आयोनोमरचा डझन पुरेसा आहे. तळ्यातून काढून पुन्हा विकले जाणारे चेंडू मात्र भेट म्हणून देऊ नयेत.

ग्लोव्ह द्यायचा असेल तर उजव्या हाताने खेळणारा तो डाव्या हातात घालतो, हे लक्षात ठेवा आणि माप आधी विचारून घ्या. मेंढीच्या पातळ चामड्याचा ग्लोव्ह हाताला फार छान बसतो, पण पुण्याच्या पावसाळ्यात घामाने भिजून वाळला की तळव्याजवळ कडक होतो आणि अंगठ्याशी फाटतो. म्हणूनच नवा ग्लोव्ह कोणालाही हवाच असतो. वस्तूवर आपल्या वर्कशॉपचे बोधचिन्ह छापू नका. छापायचेच असेल तर त्यांची आद्याक्षरे छापून घ्या.

हिशेबनीस

वस्तू ठरविण्यापूर्वी चाकणच्या कंपनीचे पुरवठादारांसाठीचे भेटवस्तूंविषयीचे धोरण वाचावे. अनेक कंपन्या खरेदी विभागातील व्यक्तींना काहीही स्वीकारू देत नाहीत, तर काही ठिकाणी स्वीकारलेल्या वस्तूची नोंद करावी लागते. आपले कोटेशन त्यांच्याकडे निर्णयासाठी पडून असेल, तर या दिवाळीत फक्त शुभेच्छापत्र पाठवणे योग्य ठरेल. भेट घरी न पाठवता कार्यालयात, सर्वांसमक्ष द्यावी.

कर सल्लागार स्वतः व्यावसायिक असल्यामुळे त्यांना वर्षभरात दिलेल्या सर्व लाभांचे मूल्य 20,000 रुपयांपेक्षा अधिक झाल्यास 10 टक्के करकपातीचा प्रश्न येऊ शकतो. ही तरतूद 1 जुलै 2022 पासून लागू झाली. आपली रक्कम त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, तरी बिल जपून ठेवा. भेट दिलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर वळता करून घेण्याची सवलत) मिळत नाही, तेही हिशेबात धरा.

सोलापूरची

जपानी अधिकाऱ्यांसाठी एक सुचवते. जपानमध्ये चार हा आकडा अशुभ मानतात, त्यामुळे चार वस्तूंचा संच टाळावा. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यातला लहान आकाराचा जाड टॉवेल घेऊन शिंप्याकडून एका कोपऱ्यात पितळी रिंग बसवून घ्या, म्हणजे तो बॅगेला अडकवता येईल. क्लबच्या खाचांतली ओली माती पुसायला तो रोज लागतो आणि आपल्या मुलखातील वस्तू म्हणून त्यांना त्याचे अप्रूपही वाटेल.

भोसरीचा उद्योजक

सर्वांचे मनापासून आभार. आज त्या कंपनीत चौकशी केली. खरेदी विभागाला वैयक्तिक भेट चालत नाही, त्यामुळे प्रमुखांना केवळ हाताने लिहिलेले पत्र देणार आहे. जपानी अधिकाऱ्यांना टॉवेल चालेल, फक्त त्याची नोंद करावी लागेल, असे सांगण्यात आले. कर सल्लागारांना आयोनोमरचे डझनभर चेंडू देतो. टॉवेलसाठी सोलापूरला कोणाशी बोलावे, ते कृपया कळवावे.