नव्या वहिनीने ओवसा भरायचा की नाही?

धागाकर्ता : दापोली तालुक्यातलं आमचं गाव. दादा तीन वर्षांपूर्वी विधुर झाला. पदरात दोन मुलगे, घरात सत्तरीची आई. वैशाखात त्याने दुसरं लग्न केलं. वहिनी घटस्फोटित, सोबत सात वर्षांची लेक. आईने आधी ग्रामदेवीला गाऱ्हाणं घालून कौल लावला, उजवा मिळाला. आता गौरीत नव्या सुनेचा ओवसा, म्हणजे गौरीपुढे पाच सुपं भरून ठेवायची आणि मग ती वाटायची. तर भावकीतल्या काकू म्हणतात, "तिचा ओवसा एकदा दुसऱ्या घरी झालाय, आपल्या गौरीपुढे नको." देवीने होकार दिल्यावर काकू कोण?

खाडीपलीकडचा : शिव्या खाईन, पण काकूंचं थोडं पटतं. विटाळ-बिटाळ सोडा. त्या मुलांना आईच्या जागी एकदम दुसरीच्या हातात सुपं दिसणार. एक वर्ष थांबलात तर गौर रुसणार आहे का?

वाडीतली : एक वर्षाची दोन होतात, भाऊ. आणि कौल डावा आला असता तर लग्न मोडलं असतंत?

धागाकर्ता : खरं सांगू? पहिला डावाच आला होता. गुरव म्हणाला, परत बघू. हसा हवं तर. पण दोन महिने आम्ही समजावून थकलो होतो, आणि देवळाच्या पायऱ्या उतरताना आई आपणहून "सून" म्हणाली.

वाडीतली : म्हणजे देवीला विचारलं नाहीत, वळवलंत!

मास्तर : मुरुड तुमच्याच तालुक्यातलं. १८९३ साली धोंडो केशव कर्वे विधुर, गोदूबाई विधवा. लग्न केलं म्हणून त्याच मुरुडाने वाळीत टाकलं. काकूंना सांगा. त्यापेक्षा त्या पोरीचं बघा. शाळेत नाव कुणाचं?

धागाकर्ता : तिच्या वडिलांचंच. दादा दत्तक घ्यायला तयार आहे, पण १९५६च्या कायद्याप्रमाणे वडिलांची संमती लागते, आणि ते फोन उचलत नाहीत. सध्या आरतीच्या झांजेवरून मोठ्या पुतण्याशी तिची रोज मारामारी. मला तरी हे बरं लक्षण वाटतं.

खाडीपलीकडचा : पण मुलांना विचारलंत का, वहिनीने सुपं भरलेली चालतील का? माझा मुद्दा तोच होता.

धागाकर्ता : तुम्ही लिहिल्यावर विचारलं. मोठा काही बोलला नाही, उठून गेला. धाकटा म्हणाला, भरू दे, पण आईच्या नावाचं एक जास्त. वहिनी बाजारातून सहावं सूप घेऊन आली. ते द्यायचं कुणाला, यावर आई आणि काकू सकाळपासून पडवीत बसल्यात.