‘संत तुकाराम’ आजीसोबत बघू का?

प्रश्न: आजी ८४ वर्षांची, मी चमत्कारांवर हसणारा. रविवारी १९३६ चा ‘संत तुकाराम’ लावायचाय. कंटाळेन का?

उत्तर १: दामले-फत्तेलालांनी दिग्दर्शित केलेला प्रभात कंपनीचा चित्रपट आहे, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेला. तुकोबा झालेले पागनीस उत्तमच, पण तुम्ही त्यांच्या बायकोची, जिजाईची भूमिका करणारी गौरी बघा. विठोबावर चक्क पायताण उगारते! पोरं उपाशी असल्यावर दुसरं काय करणार बाई?

उत्तर २: त्यातलं ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग नाही हं, शांताराम आठवल्यांचं गीत आहे. मीही कित्येक वर्षं फसलो होतो.

प्रश्नकर्ता: पाहिला. गरुडाचं विमान आलं तेव्हा हसूच आलं नाही. जिजाई मागेच राहिली. आजी पुटपुटली, “पोरं टाकून कशी जाईल ती?” आणि कुकर लावायला उठली.