बी विंगची सतरंजी

बी-५०२ कुलकर्णी काकू: एक विचारायचं होतं. आमचा ओम बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला गेला. वर्गातली मुलं मे महिन्यात रिसर्च करून आली म्हणे. हा घरी बसून आंबे खात होता. हे कुठे मिळतं आणि तिथे नक्की काय करतात?

सेक्रेटरी: आज ११ ते १ पाणी बंद. टाकी धुणार आहेत. भरून ठेवणे.

ए-३०४ जोशी काका: तुमच्याच विंगमधली सई गेली होती की, इंजिनिअरिंगची. सई, सांग गं काकूंना.

बी-२०३ सई: हो काकू. ई अँड टीसीचं (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) तिसरं वर्ष संपवून मी आठ आठवडे रेडिओ खगोलशास्त्राच्या एका गटात होते. मिळालं कसं ते आधी सांगते, कारण खरं डोकं तिथेच खर्च होतं. डिसेंबरात एकेचाळीस ईमेल पाठवल्या. उत्तरं चार, त्यातली दोन "जागा नाही". एका सरांना तर भलत्याच मॅडमचं नाव घालून मेल गेली. कॉपी-पेस्ट 🤦‍♀️ त्यांचं उत्तर अजून यायचंय. ओमला म्हणावं, "मला संशोधनाची आवड आहे" एवढंच लिहू नकोस. समोरच्याचा एखादा पेपर उघड, त्यातलं काय कळलं नाही ते विचार. मला होकार आला तो तसल्याच मेलला.

ए-३०४ जोशी काका: बरं, आणि शोध काय लावलास?

बी-२०३ सई: शोध कसला काका, सतरंजी विणली 😅

बी-५०२ कुलकर्णी काकू: म्हणजे?

बी-२०३ सई: मोठा मेसेज आहे, आधीच सॉरी. रेडिओ दुर्बिणीला डोळा लावून बघायचं नसतं, ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. दोन-दोन डिशची जोडी लावून सिग्नल ताडून बघतात. ३० डिशच्या जोड्या होतात ४३५, आणि त्या सगळ्यांचं मिळून एक चित्र. मला जुना डेटा दिला होता. त्यातला बाहेरचा रेडिओ गोंगाट काढून टाकायचा आणि एका दीर्घिकेचं (गॅलक्सीचं) चित्र करायचं. झालं चित्र. पण त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरके पट्टे, आणि दीर्घिका त्यांच्याखाली कुठेतरी दडपलेली. वाटलं कॅलिब्रेशन, म्हणजे डेटातल्या यंत्राच्या चुका दुरुस्त करणं, चुकलं; ते पुन्हा केलं. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर करून पाहिलं. पट्टे तस्सेच. आई म्हणाली, अगं ही तर आजीकडची सतरंजी. असे तीन आठवडे गेले. एकदा तर मी कंटाळून दिवसभर नुसते रंग बदलत बसले.

शेवटी गाईड आले, हातात चहाचा कप, उभ्याउभ्याच म्हणाले, "दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजलंस का?" मोजलं नव्हतं. पट्टे दाट असले तर घोटाळा लांबलांबच्या डिशच्या जोडीत असतो, रुंद असले तर जवळच्या. माझे रुंद होते. मग जवळच्या जोड्या एकेक करून उघडल्या, तर एकीत वीस मिनिटांचा गोंगाट तसाच राहिला होता. काढायचा मीच विसरले होते. तेवढी वीस मिनिटं उडवली आणि पट्टे गेले. रात्रीचे साडेअकरा, कॅन्टीन बंद, सांगायला कुणी नाही. वॉचमनकाकांना दाखवलं 😄

डी-१०२ आजोबा: म्हणजे वरच्या एकाच बाथरूमची गळती आणि खालच्या चार मजल्यांना ओल. डाग नीट बघितला तर फ्लॅट सापडतो.

सेक्रेटरी: गळतीचा विषय वार्षिक सभेत घ्यावा. ग्रुपवर नको.

डी-१०२ आजोबा: मी दीर्घिकेबद्दल बोलत होतो.

ए-३०४ जोशी काका: ते छान आहे पोरी, पण इंजिनिअरिंग करून हे कशाला? पुढे काय? प्लेसमेंट?

बी-२०३ सई: काका, ती ४५ मीटरची डिश वळवायची मोटर, रिसीव्हर, सिग्नल जुळवणारी यंत्रणा, सगळं इंजिनिअरांचंच काम. प्लेसमेंटला बसणारच आहे, ऑगस्टात कंपन्या येतायत. पण इनॅटचाही फॉर्म भरणार. आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या दोन संस्थांची पीएच.डी.साठीची परीक्षा, बी.ई.वाल्यांनाही देता येते.

ए-३०४ जोशी काका: पीएच.डी.त पैसे?

बी-२०३ सई: जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना मिळणारी फेलोशिप, महिना ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००. घरभाडं वेगळं. आमच्या वर्गात याच्या दुपटीच्या ऑफर येतात, ते मलाही दिसतंय हो. बाबा रोज जेवताना विचारतात. खरं सांगू, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, नोकरी, लगेच. त्या साडेअकरा वाजल्यानंतर तेवढं ठामपणे म्हणता येत नाही.

सी-४०१ पाटील मॅडम: कुलकर्णी वहिनी, मी कॉलेजात शिकवते म्हणून सांगते. ओमसाठी दोन गोष्टी. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, बी.एस्सी.च्या मुलांनाही. अर्ज आदल्या वर्षीच निघतो, दिवाळीपासून वेबसाइट बघत राहा. दुसरं, आता चार वर्षांची पदवी आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. म्हणजे आंबे थोडे कमी.

बी-५०२ ओम: मॅडम मी ग्रुपवर आहे 🙏

बी-५०२ कुलकर्णी काकू: बरंय, वाच मग.

बी-५०२ ओम: सई ताई, मला पायथन थोडंच येतं. चालेल?

बी-२०३ सई: मलाही थोडंच यायचं. संध्याकाळी ये, तो सतरंजीवाला डेटा देते. वीस मिनिटं कुठे आहेत ते सांगणार नाही, शोध तू.

डी-१०२ आजोबा: फेब्रुवारीत विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं, दुर्बीण जवळून बघता येते. सोसायटीची बस काढूया. येताना नारायणगावात मिसळ.

ए-३०४ जोशी काका: बसमध्ये माझी दोन सीट धरा.

बी-२०३ सई: मस्त! फक्त तिथे सगळ्यांनी मोबाईल बंद ठेवायचे, दुर्बिणीला त्रास होतो.

ए-३०४ जोशी काका: मग फोटो कसे काढायचे?

सेक्रेटरी: टाकी झाली. पाणी सोडलंय. पहिलं गढूळ येईल, जाऊ द्या.