संभाजीनगर–जालना रोजचा प्रवास : जुनी ट्रायम्फ हेराल्ड कन्व्हर्टिबल की नवी हॅचबॅक?

प्रश्न (जालनेकर): १९६०च्या दशकातली ११४७ सीसी हेराल्ड मिळतेय, इंजिन चालू आहे. तेवढ्याच पैशांत नवी १२०० सीसी हॅचबॅकही येते. एकच घ्यायचीय. उन्हाळ्यात हेराल्ड टिकेल का?

पेट्रोलवाला: दादा, खरा त्रास व्हेपर लॉकचा. हेराल्डचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला असतो. एप्रिल-मेच्या ४२ अंशांत गाडी बंद करून दहा मिनिटं उभी केली की पाइपात पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफच ओढतो. पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या, कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर (मधली जाड चकती) टाका. हॅचबॅकचा पंप टाकीत, दाबाखाली, म्हणून तिला ही भानगड नाही. ई२०मुळे (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) जुने रबरी पाइप फुगून चिरतात. गाडी घेतल्या घेतल्या सगळे बदला, पंपाचा डायफ्रामसुद्धा (आतला लवचिक पडदा).

स्पॅनर: ब्रेकचं आधी बघा! हेराल्डच्या ब्रेक ऑइलचं सर्किट एकच, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. मागं स्विंग ॲक्सल आहे (चाकासोबत वर-खाली झुलणारा अर्धा ॲक्सल), वेगात वळताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडतं. छप्पर काढायच्या गाडीत चासीचे आउटरिगर (बाजूला निघालेले आधार) गंजलेले असले तर दरवाजे नीट बसत नाहीत. दाराची फट वर-खाली सारखी आहे का, बोट फिरवून पाहा.

आरटीओ-माहिती: २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांवरील मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली (नवीन नोंदणी २०,००० रुपये), तर ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा ठरावीक कामांनाच परवानगी. रोजच्यासाठी हॅचबॅकच घ्या राव.